रापणीचा वाटा आणि मंडळाचे कलम चार

खारवाडी, ता. मालवण
२० ऑक्टोबर १९५८

चि. गुरुदास,

मंडळाचा चिटणीस झालास तरी माझा धाकटा भाऊच आहेस, म्हणून आधी आशीर्वाद घे आणि मग बोलणी खा.

तुमच्या मुंबईच्या ग्रामस्थ साहाय्यक मंडळाची मनीऑर्डर पोचली. दर महिन्यासारखे वाडीतल्या निराधारांना मी पैसे वाटले. पण या खेपेला त्यात सुभद्राचे दहा रुपये नाहीत. त्याऐवजी तुझ्या अक्षरातली चिठ्ठी, ‘सदर बाई काम करताना आढळली. कलम चार पाहावे.’ पाहिलं बाबा. ‘मदत घेणाऱ्यास कोणतीही मिळकत असता कामा नये.’ शिरा पडो त्या कलमार!

तिचा नवरा धोंडू मचव्याबरोबर गेला तो परत आला नाही, हे तुला ठाऊक आहे. दोन माड, एक खोपी आणि लेक लीला, एवढाच तिचा संसार. आता ती काम करताना आढळली म्हणजे कुठे, तर रापणीवर. पाहिलं कुणी, तर दाजीने. हा मुंबईहून पेन्शन घेऊन आला आणि तुम्ही त्याला मंडळाचा निरीक्षक नेमलंत. तेव्हापासून सुरूच्या सावलीत बसून कोण कोण राबतं ते लिहून घेतो. स्वतः मेला काडी इकडची तिकडे करत नाही.

तुमच्या कार्यकारिणीत कुणी विसरला असेल तर वाचून दाखव. रापण म्हणजे समुद्रात गोलाकार टाकलेलं मोठं जाळं. त्याच्या दोऱ्या किनाऱ्यावरून ओढायच्या, आणि दोरीला जो हात लावील त्याला मासळीचा वाटा. बाई असो, म्हातारा असो, वाटेने जाणारा असो. ही काही नोकरी नव्हे.

लीला यंदा मालवणच्या शाळेत सातवीला आहे. फायनल पास झाली तर मास्तरीण होईल, हा सुभद्राचा एकच ध्यास. तिकडे मुंबईत भाईंच्या घरच्या मालकीणबाई दोन वर्षं निरोप धाडतायत, ‘गावची एखादी पोर कामाला द्या.’ दहा रुपये गेले तर लीलाला मुंबईच्या बोटीत बसवण्यावाचून सुभद्राला गती नाही. पैसे बंद करणारे मंडळाचे अध्यक्ष भाई, आणि मोलकरीण मिळणार तीही भाईंनाच. एवढा योगायोग मी दशावतारातसुद्धा पाहिला नाही.

माझी पत्रं तू सभेत वाचतोस म्हणून पुस्तकी लिहिते. रागावले की मालवणी येतं, तेवढं गाळून वाच. नियम बदला.

तुझी अक्का

*

गिरगाव, मुंबई
४ नोव्हेंबर १९५८

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार घालायला खोलीत जागा नाही, गाववाल्यांचे बिछाने आहेत. म्हणून कागदावरच पाया पडतो.

तुझे पत्र कार्यकारिणीपुढे ठेवले. दशावताराचे वाक्य गाळले. भाई म्हणाले, “काम करणाऱ्यालाच मदत दिली तर काम न करणाऱ्याने कुणाच्या तोंडाकडे पाहावे?” यावर टाळ्या झाल्या. तरीही मंडळ उदार आहे. कलम चार दुरुस्त करण्यात आले असून यापुढे मदत घेणाऱ्यास काम करण्याची पूर्ण मोकळीक राहील. मात्र जेवढी मिळकत होईल तेवढीच रक्कम मदतीतून वजा करण्यात येईल. रुपयास रुपया. कुणावर अन्याय नाही.

अशी सुधारणा कोकणातल्या कोणत्याही मंडळाने केली नसावी, असे भाईंचे मत पडले.

आपला नम्र,
गुरुदास, चिटणीस

ता. क. अक्का, भाई मागे उभे रवान वाचतत, म्हणान असा लिवचा लागता. आता ते पान खावक गेले. खोली तेंची, नोकरी तेनीच लावलेली. माज्यार रागाव नको.

*

खारवाडी
१६ नोव्हेंबर १९५८

चि. गुरुदास,

भाई पान खायला गेले की तुझ्यातला माणूस बाहेर येतो, तेव्हा त्यांना पानं जास्त खायला घाल.

तुमची सुधारणा मी सुभद्राला समजावून सांगितली. ती दोरी खाली टाकून ऐकत होती.

“अक्कानू, म्हंजे मी आठ रुपयांचा काम केलंय तर आठ कापतले?”

“होय.”

“आणि कायच नाय केलंय तर?”

“तर धा पुरे.”

“मगे मी बसान ऱ्हवलंय तर चलात?”

“चलात काय, तुजो सत्कार करतीत!”

ती वेडी नाही. दुसऱ्या दिवसापासून जाऊन दाजीच्या शेजारी वाळूत बसली. दाजी एवढा खूश की त्याने तिला आपल्या चंचीतली सुपारी दिली. म्हणाला, कलम पाळणारी वाडीतली ही पहिली बाई. आणि समोर रापण लागलेली! रापणीचा म्होरक्या बाळा तांडेल ओरडतोय, “हात लावा रे, हात लावा!” सत्तर वर्षांची हौसाबाई दोरीला लोंबकळतेय, आणि ही धडधाकट बाई मांडीवर हात ठेवून बघतेय. हात कमी पडले, जाळं एका बाजूने ढिलं झालं आणि अर्धा थवा निसटला. बाळाने ज्या शिव्या दिल्या त्या मी लिहीत नाही, पण त्या मंडळालाच होत्या.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली नि रडायची राहिली. म्हणाली, “मुंबयच्या लोकांनी माका आळशी केल्यानी गो. माजे हात सळसळतत.”

तूच सांग. कचेरीत तू जादा वेळ थांबलास आणि जेवढा भत्ता मिळेल तेवढा साहेबाने पगारातून कापला, तर थांबशील? पायात पाय अडकवून घरी पळशील. काम केल्यावर माणसाच्या हाती काहीतरी जास्त पडायला नको का? निदान अर्धं तरी ठेवा तिच्यापाशी. लीलाची परीक्षा मार्चात आहे.

अक्का

*

गिरगाव
८ डिसेंबर १९५८

ती. अक्का,

तुझ्या पायांना इथून हात पोचत नाही, पण यावेळी बातमी गोड आहे.

मंडळाने अर्ध्याचे तत्त्व मान्य केले! रुपया मिळाला तर आठ आणेच वजा. (भाईंना नवे पैसे अजून जमत नाहीत, म्हणून ठराव आण्यांत आहे.) मी स्वतः बोललो. साहेबाच्या भत्त्याचा दाखला मी माझा म्हणून दिला, तो सर्वांना पटला.

फक्त एक अडचण निघाली. वाटा मासळीत मिळतो, पैशांत नाही, तेव्हा त्याची किंमत कशी धरायची? यावर दोन तास चर्चा झाली. अखेर भाईंच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून बांगड्यांचा डझनाचा भाव सांगितला, ज्या भावाने त्या इथल्या बाजारात घेतात, आणि तोच एकमताने मंजूर झाला. दुसरा भाव कुणालाच माहीत नव्हता.

दाजींच्या अहवालानुसार, हात सळसळतात म्हणून सुभद्राबाई गेल्या पंधरवड्यात पुन्हा रापणीवर गेल्या आणि त्यांना भरपूर वाटे मिळाले. मंजूर भावाने त्यांची मिळकत माझ्या पंधरवड्याच्या पगारापेक्षा जास्त, म्हणजे चौतीस रुपये भरते. तिची अर्धी रक्कम वजा केली असता मदत संपून उलट बाईंकडूनच मंडळाला सात रुपये येणे निघतात. तरी सदर रक्कम लवकर पाठवण्याची व्यवस्था व्हावी.

आपला,
गुरुदास, चिटणीस

ता. क. हो हिशोब माका पण कळाक नाय, अक्का. पण भाईंची सही झाली.

*

खारवाडी
१९ डिसेंबर १९५८

चि. गुरुदास,

मी रागावलेली नाही. खरंच नाही. दोन तांबे पाणी प्याले आणि मग लिहायला बसले.

तुला सांगायचं राहिलं, यंदा बांगड्याने कहर केलाय. एवढा बांगडा लागला की मालवणच्या पेठेत खारवायला मीठ मिळेना. उरलेला लोकांनी माडांच्या आळ्यांत पुरला. लहानपणी आपणही पुरायचो, विसरलास? सुभद्राच्या वाट्यातला निम्मा तिच्या दोन माडांनी खाल्ला. तुमच्या भावाने पाहिलं तर हे माड मोठ्या हाटेलात जेवतायत. बिचाऱ्यांना नारळ धरताना लाज वाटत असेल.

पण सुभद्रा इमानी बाई. मंडळाचं देणं लागते म्हटल्यावर तिला घास जाईना. रोकड तिच्याजवळ नाही, म्हणून मीच सुचवलं, मालच पाठव. आमच्या इथल्या भावाने सात रुपयांचे बांगडे म्हणजे चांगल्या दोन टोपल्या होतात. काठोकाठ भरल्या, वर माडाची झावळी बांधली आणि बोटीवर कामाला असलेल्या महादूबरोबर गुरुवारच्या बोटीने पाठवल्या आहेत. मीठ नव्हतं, त्यामुळे ताजेच आहेत, म्हणजे निघाले तेव्हा होते. रविवारी भाईंकडे सभा असते, म्हणून महादूला त्यांच्याच दारात नेऊन ठेव असं बजावलंय.

देणं फिटल्याची पावती पाठव.

अक्का

*

गिरगाव
२८ डिसेंबर १९५८

ती. अक्का,

नमस्कार. आज एवढेच.

टोपल्या शनिवारी पोचल्या. भाई सहकुटुंब सासुरवाडीला गेले होते, ते रविवारी दुपारी आले. महादूने सांगितल्याप्रमाणे टोपल्या बंद दारासमोर ठेवल्या आणि तो निघून गेला. चाळीतल्या माणसांनी आधी उंदीर मेला असे समजून जिना धुतला, मग पोलीस बोलावले. सभा गच्चीवर घ्यावी लागली. गच्चीवरही फार वेळ बसवेना.

भाईंनी खालील गोष्टी ठरवल्या. एक, मंडळाचा अपमान केल्याबद्दल सुभद्राबाईंची मदत कायमची बंद. दोन, तरीही भाईंचे मन मोठे असल्यामुळे ते लीलास आपल्या घरी ठेवून घेण्यास तयार आहेत. जेवणखाण, वर्षाला दोन लुगडी. शिमग्याआधीच महादूबरोबर तिला बोटीने पाठवावे. घरातले खाणारे एक तोंड कमी झाल्यावर सुभद्राबाईंना मदतीची गरजच उरत नाही, आणि कलम चारचा प्रश्नही सुटतो.

गुरुदास, चिटणीस

ता. क. टोपल्यो खाली नेवचा काम माज्याकडे इला. चार दिवस ट्रामीत माज्या बाजूक कोण बसाक नाय. पण अक्का, हसा नको. लीलाचा भाईंनी मनावर घेतल्यानी हा. मालकीणबायनी पोराक निजाक जिन्याखालची जागा पण साफ करून घेतल्यानी. माका काय सुचना नाय.

*

खारवाडी
१८ जानेवारी १९५९

चि. गुरुदास,

अर्जाच्या वरचं सगळं फक्त तुझ्यासाठी. सभेत शेवटचा अर्ज तेवढा वाच. माझ्या भावाला हे पत्र लिहितेय, चिटणिसाला नव्हे.

तुझं पत्र वाचलं नि प्रथम मला हसू आलं, मग सुभद्राच्या खोपीवर गेले. तिथे हसू जागच्या जागी थिजलं. ती लीलाचं परकर-पोलकं धुऊन वाळत घालत होती, मुंबईला न्यायला. लीला रडत नव्हती. मला विचारते, “अक्कानू, भाईंकडे भांडी घासान झाली काय परीक्षेक बसाक दितीत?” माझा जीव तुटला रे.

मी तडक बाळा तांडेलाकडे गेले. प्रत्येक रापणीतला पहिला वाटा देवाचा, हे तुला सांगायला नको. तो विकून रवळनाथाचं तेल चालतं, जत्रेला लागतो. बाळाला म्हटलं, देवाला विचारूया. सोमवारी सगळी वाडी देवळात जमली. बाळाने गाऱ्हाणं घातलं, “बा देवा रवळनाथा, आमची एक लेक शाळेत शिकता हा, तिच्या शाळेसाठी तुजो रापणीचो वाटो आमी मागतंव. खुशीन दी. आणि कोण आडो येयत तर तेका तूच बघून घी.” सगळे म्हणाले, “होय म्हाराजा!” हौसाबाईचा आवाज सगळ्यात मोठा.

गुरवाने कौलासाठी देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या. होकाराची उजवी पडली. दाजी म्हणाला, एवढ्या झटपट कौल होत नसतो, पुन्हा लावा. पुन्हा लावला. पुन्हा उजवी. तिसऱ्यांदा म्हणायला त्याने तोंड उघडलं, तेव्हा बाळाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

तुमच्या मंडळाने तीन महिन्यांत तीन कलमं केली. देवाने एका सकाळी निकाल दिला, आणि पोरीची आई काम करते का हे विचारलंसुद्धा नाही.

आता देवाच्या तेलाची पंचाईत आली. सोबत अर्ज जोडलाय, तो मोठ्याने वाच.

अर्जदार: श्री देव रवळनाथ, खारवाडी.
धंदा: काही नाही.
मिळकत: रापणीचा वाटा होता, तो आता मिळत नाही.
घरात खाणारी माणसं: सगळी वाडी.
काम करताना कधी कुणी पाहिलं काय: नाही. निरीक्षक दाजींना विचारावं.
सबब कलम चारप्रमाणे अर्जदार संपूर्ण पात्र आहे.

आता बघू तू कुणाचा भाऊ ते.

अक्का

*

गिरगाव
१० फेब्रुवारी १९५९

ती. अक्का,

कृतानेक नमस्कार, आणि मंडळातर्फे अभिनंदन!

अर्ज सभेत वाचताच सर्व सभासद उठून उभे राहिले. भाईंच्या डोळ्यांत पाणी आले. ते म्हणाले, “आपण इथे दोन वेळा जेवतो आणि आपला देव तिकडे अंधारात!” श्री देव रवळनाथास दरमहा वीस रुपये देण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. एका नव्या सभासदाने चौकशीची सूचना मांडली, तेव्हा भाई फार रागावले. देवाकडे हिशेब मागणे आपल्यात बसत नाही, असे म्हणून ती सूचना फेटाळण्यात आली. देवळात भाईंच्या नावाची संगमरवरी फरशी बसवावी, तिचा खर्च भाई वेगळा देतील.

लीलाचे काय, असे सौभाग्यवतींनी विचारले. मी सांगितले की देवाचा कौल झाला आहे, ती परीक्षेपर्यंत गाव सोडू शकत नाही, आणि पुढेही सोडेलसे दिसत नाही. देवाचे नाव निघताच त्या हात जोडून चहाचे पाहायला आत गेल्या.

गुरुदास, चिटणीस

ता. क. भाईंनी माका इचारल्यानी, देवाची मिळकत अशी अचानक कशी गेली? मी सांगलंय, देवाची इच्छा. खोटा बोलाक नाय मा मी? खोली गेली तर गेली, अक्का.

*

खारवाडी
२९ मार्च १९५९

चि. गुरुदास, माझ्या बाबा,

खोटं नाही बोललास. आणि बोलला असतास तरी मी तुझ्यावतीने देवापुढे नारळ ठेवला असता.

शिमगा झाला, महादूची बोट सुटली, लीला तिच्यात नव्हती. तिचे पेपर झाले. गणित कठीण होतं म्हणते, पण चेहऱ्यावरून पास होईलसं वाटतं. तिच्या फीला आणि शाळेत जायच्या होडीच्या भाड्याला देवाचा वाटा, आणि देवाच्या तेलाला भाई. सुभद्रा रोज दाजीच्या नाकासमोर रापण ओढते. ती आता कुणाचं काही घेत नाही, तेव्हा तिचं कुणी काही कापतही नाही. वाडी अजून हसतेय. परवा फरशी बसली. भाईंचं नाव देवाच्या नावापेक्षा मोठं आहे, पण आम्ही तिच्यावर समई ठेवतो.

मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण काल वीस रुपयांच्या मनीऑर्डरीवर सही करताना माझा हात थांबला आणि एकदम संताप आला. पोस्टमन विचारायला लागला, अक्का, काय झालं? अरे, एका जित्या बाईला दहा रुपये देताना तुम्ही तिच्या टोपलीतले मासे मोजलेत. आणि पाषाणाला वीस देताना एकाने विचारलं नाही की बाबा रे, तू दिवसभर करतोस काय! तीच माणसं, तेच पैसे. सुभद्राच्या हातात दिले असते तर काय तुमचे हात झडले असते? हे तुला नाही म्हणत. किंवा म्हणते. थोडं तुलाही.

हे सगळं मी देवळाच्या पायरीवर बसून सुभद्रापाशी बडबडले. ती शांतपणे जाळं शिवत होती. म्हणाली, “अक्कानू, असा बोला नको. देव काय बसान ऱ्हवाक नाय. माज्यासाठी तेनाच काम केल्यान.”

मी घाईघाईने तिच्या तोंडावर हात ठेवला. “हळू बोल गो बाये! थय दाजी बसलो हा. तेणा लिवन घेतल्यान तर देवाचेय पैसे बंद होतले.”

तुझी अक्का